साखरेचा आकडा कळला, पण करायचं काय? मधुमेही माणसाला शिकवण्याची पद्धत

"उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या." किती साधं वाक्य. पण एकादशी-चतुर्थी धरणाऱ्या घरात ‘उपाशी’ हा शब्द ‘उपवास’ असा ऐकला जाऊ शकतो, आणि उपवासाला चहा चालतो, साबुदाण्याची खिचडीही चालते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. मग ‘उपाशीपोटी’ची साखर १९० येते, गोळी वाढते आणि आठवडाभराने भर दुपारी घाम फुटून चक्कर येते. इथे गोळीही चुकली नाही आणि प्रयोगशाळाही चुकली नाही. चुकलं ते वाक्य. सांगायला हवं होतं असं: "रात्री नऊपर्यंत जेवा. मग सकाळी रक्त देईपर्यंत फक्त साधं पाणी. चहा, दूध, फळ काही नाही. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन सोबत आणा आणि रक्त दिल्यावर, नाश्त्याच्या वेळी घ्या."

मधुमेहाचं शिक्षण म्हणजे स्वादुपिंडाचं चित्र दाखवून दिलेलं व्याख्यान नव्हे. हातात आलेली चिठ्ठी, रिपोर्ट, गोळ्यांची पट्टी आणि इन्सुलिनची बाटली वाचून माणसाला बरोबर कृती करता आली पाहिजे. यात शाळा किती झाली याचा फारसा संबंध नसतो. पदवीधरही ‘एचबीए१सी ७.८’ (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा) बघून "साखर आठच्या आत आहे, मस्त" म्हणू शकतो. आशाताई, दवाखान्यातल्या सिस्टर, औषधाच्या दुकानातली मंडळी आणि रुग्णासोबत येणारी सून किंवा मुलगा, अशा शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे.

‘कळलं का?’ हा प्रश्न बंद करा

"कळलं का?" याचं उत्तर आपल्याकडे नेहमी "हो" असंच येतं. मोठ्या माणसापुढे, त्यातही डॉक्टरपुढे, "नाही कळलं" म्हणणं लाजिरवाणं वाटतं. त्याऐवजी चुकीचा भार स्वतःकडे घ्या: "काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काकूंना ही गोळी कधी घ्यायची म्हणून सांगाल?" रुग्ण त्याच्या शब्दांत सांगतो. चुकलं तर तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणू नका, शब्द बदलून सांगा आणि पुन्हा विचारा. जे हाताने करायचं आहे, म्हणजे सुई टोचणं किंवा ग्लुकोमीटर लावणं, ते तोंडी विचारू नका, करूनच दाखवायला लावा.

एका भेटीत तीन गोष्टी, जास्त नाहीत. पहिल्या भेटीतल्या तीन ठरलेल्या असाव्यात: कोणती गोळी कधी, साखर खाली गेली तर काय करायचं, आणि परत कधी यायचं. पाय, डोळे, मूत्रपिंड हे सगळं पुढच्या भेटींना. पहिल्याच दिवशी ‘आंधळेपणा’ आणि ‘पाय कापणं’ हे शब्द कानावर पडले की त्यानंतरचं काहीच आत जात नाही.

रिपोर्टवरचे आकडे

इथे दोन आकडे एकमेकांत मिसळतात: निदानाचा आणि नियंत्रणाचा. उपाशीपोटी १२६ (साखरेचे हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त ही निदानाची रेघ. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, बोलीत ‘बॉर्डर’. हा शब्द घातकी आहे, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आपण सीमेच्या अलीकडे, सुरक्षित. "आत्ता हालचाल केली तर टाळता येईल, तो टप्पा" असं सांगा.

औषध सुरू झालेल्या माणसाचं लक्ष्य वेगळं असतं. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८०च्या आत, एचबीए१सी ७च्या आत. वय झालेलं असेल, हृदय-मूत्रपिंडाचा आजार असेल, साखर वारंवार खाली जात असेल तर डॉक्टर ८पर्यंतही चालवून घेतात. गरोदरपणात उलट फार कडक: उपाशीपोटी ९५च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत. पण रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा मधुमेह नसलेल्या माणसाची असते. त्यामुळे जेवणानंतर १६५ आलेल्याचा आकडा ठळक अक्षरात छापून येतो, तो घाबरतो आणि रात्रीचं जेवण सोडतो. म्हणून रुग्णाचं स्वतःचं लक्ष्य डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर हाताने लिहून द्या.

एचबीए१सी म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी. समजवायला विजेचं बिल उत्तम. मीटर वाचायला माणूस यायच्या दिवशी घरातले दिवे बंद ठेवले म्हणून बिल कमी येत नाही. तसंच तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळून हा आकडा उतरत नाही. टक्क्यांचं रोजच्या साखरेत रूपांतर करून दिलं की पटकन कळतं: ६ म्हणजे सरासरी १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०.

हा आकडा फसवतोही. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर तो खोटा वाढतो. सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर त्यावर विसंबता येत नाही, बऱ्याचदा तो खोटा कमी येतो. पूर्व विदर्भ आणि नंदुरबार पट्ट्यात सिकलसेल जास्त आढळतो, तिथे ‘सिकलसेल आहे का?’ हे विचारल्याशिवाय एचबीए१सी वाचूच नये. तिथे ग्लुकोमीटरची वही जास्त खरी.

ग्लुकोमीटर

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटावर सुई टोचली तर यंत्र आंब्याची साखर मोजतं. सॅनिटायझर लावलं असेल तर ते सुकू द्या. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. मधोमध दुखतं जास्त. रक्त येईना म्हणून बोट पिळू नका, हात खाली सोडून कोमट पाण्यात धरा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी काही दिवसांत चुकीचे आकडे देऊ लागते. आणि उरलेल्या पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नका, त्यांची मुदत मूळ डबीवरच असते.

‘जेवणानंतर दोन तास’ हे पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. लग्नाच्या पंगतीत या दोन्हींत पाऊण तासाचा फरक पडू शकतो.

प्रयोगशाळेत १४० आणि यंत्रावर १५५ आलं म्हणून यंत्र फेकू नका. १००च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य मापदंडातच बसतो. पडद्यावर ‘एचआय’ (HI) ही अक्षरं आली तर यंत्र नमस्कार करत नाहीये; साखर मोजता येण्यापलीकडे, बहुतेक यंत्रांत ६००च्या वर गेली आहे, लगेच रुग्णालयात. ‘एलओ’ (LO) म्हणजे साखर फार खाली; लोक ती अक्षरं न समजता १० वाचतात. ते आलं तर मात्र आधी साखर द्यायची, मग चौकशी.

आणखी एक घोळ परदेशातल्या मुलांनी पाठवलेल्या यंत्रांचा. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातली यंत्रं मिलिमोल प्रति लिटर दाखवतात. आजोबांच्या पडद्यावर ७.२ येतं आणि त्यांना वाटतं हा एचबीए१सी. १८ने गुणायचं: ७.२ म्हणजे साधारण १३०. अशा यंत्राच्या पाठीवर ‘गुणिले १८’ची चिठ्ठी चिकटवा. अमेरिकेतल्या यंत्रात हा प्रश्न नाही.

पट्ट्या महाग असतात, म्हणून मनाला येईल तेव्हा न तपासता जोडीने तपासा: एकाच जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी, असं तीन दिवस. ताटात काय होतं ते शेजारी लिहा. वहीचं असं एक पान डॉक्टरांना सुट्या तीस आकड्यांपेक्षा जास्त सांगतं.

चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एसओएस गरज पडली तरच. हे डॉक्टरांकडून उलगडून घ्या आणि पट्टीवर मार्करने सूर्य किंवा चंद्र काढा. वाचता न येणाऱ्याला तो पुरतो, आणि वाचता येणाऱ्यालाही पहाटे अर्धवट झोपेत.

खरा धोका नावांत आहे. एकाच औषधाची डझनावारी ब्रँड नावं असतात. ब्रँडच्या शेवटी लागणारे ‘एम१’, ‘एम२’, ‘जीएम’ हे बहुतेकदा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असल्याची खूण. गावातल्या डॉक्टरांची एक आणि शहरातल्या तज्ज्ञांची दुसरी अशा दोन वेगळ्या रंगांच्या गोळ्यांत तेच औषध असू शकतं. जनऔषधी केंद्रातून आणलेली तिसरी मूळ नावाने असते, तीही वर पडते. उपाय एकच: दर भेटीला घरातली औषधांची पूर्ण पिशवी आणायची, टेबलावर मांडायची आणि ब्रँडचं मोठं नाव नाही, मूळ औषधाचं नाव वाचायचं. काढा, चूर्ण, ‘साखरेची मात्रा’ हेही त्याच पिशवीत. मुदत छापलेला कोपरा दुकानदाराने कापू नये, असं सांगा.

वेळ का पाळायची हे कळलं तर पाळली जाते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून गोळी घेतली की अर्ध्या तासाच्या आत जेवायचंच. जेवण हुकणार असेल तर ती गोळीही नाही. मेटफॉर्मिन जेवणासोबत, म्हणजे मळमळ कमी. वोग्लिबोज, अकार्बोज (जेवणातल्या स्टार्च-साखरेचं पचन लांबवणाऱ्या गोळ्या) पहिल्या घासाबरोबर; जेवल्यावर आठवलं तर उपयोग जवळजवळ संपला. ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली गोळी कुटायची-चावायची नाही. मेटफॉर्मिन एसआरचं रिकामं कवच कधीकधी शौचात दिसतं. औषध शोषलं गेलेलं असतं, घाबरून दुसरी गोळी घेऊ नये. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर हमखास घेतली जाते.

इन्सुलिन: इथे चूक महाग पडते

भारतात इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट, पेनच्या काडतुसात १००. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. न जुळल्यास काय होतं ते हिशेबाने दाखवा. डोस २० युनिट आहे. ४०च्या बाटलीतून १००च्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट, पेन बिघडलं म्हणून १००च्या काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत ओढलं, तर जातात ५० युनिट. हा दुसरा प्रकार जीव घेऊ शकतो. म्हणून ‘दोन रेघा’, ‘अर्धी सिरिंज’ ही भाषा वापरूच नका, फक्त ‘युनिट’ म्हणा; १ मिलिलिटरच्या नारिंगी सिरिंजवर एक रेघ दोन युनिटांची असते.

गढूळ इन्सुलिन (३०/७० मिश्रण, एनपीएच) वापरण्याआधी तळहातांत दहा वेळा घोळवायचं, दहा वेळा उलटसुलट करायचं. खडखडा हलवायचं नाही, फेस येऊन डोस चुकतो. पारदर्शक इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा तळाशी गुठळ्या दिसल्या तर टाकून द्या. मानवी ३०/७० जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. नव्या प्रकारांची वेळ वेगळी असते, ती बाटलीगणिक विचारून घ्यावी. दोन प्रकार एका सिरिंजमध्ये भरायचे असतील तर आधी पारदर्शक, मग गढूळ.

टोचायची उत्तम जागा पोट, बेंबीपासून दोन बोटं सोडून. रोज बोटभर सरकायचं. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ होते. तिथे दुखत नाही, म्हणून रुग्णाला तीच जागा आवडते, आणि तिथूनच इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. साखर विनाकारण वरखाली होत असेल तर डोस वाढवण्याआधी बोटांनी पोट चाचपून बघा. गाठ सोडून नव्या जागी टोचायला लागल्यावर मात्र तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगूनच जागा बदला. पेनची सुई लावल्यावर आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहायचं, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही. वापरातलं बाहेर, ३० अंशांच्या आत, बहुतेक प्रकार चार आठवडे. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात घरातच ४० अंश होतात. फ्रिज नसेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. वाळू रोज भिजवायची. एसटीच्या प्रवासात बॅग टपावर किंवा डिकीत नाही, मांडीवर.

साखर खाली गेली तर

अचानक घाम, हाताला कंप, छातीत धडधड, कडकडून भूक, विनाकारण चिडचिड, बोलताना जीभ अडखळणं. यंत्रावर ७०च्या खाली. यंत्र हाताशी नसेल तर तपासत बसू नका, साखर खाली गेली असंच धरा. चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून द्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किटं. पेढा आणि चॉकलेट इथे कामाचे नाहीत, त्यातली चरबी साखरेला उशीर लावते. वोग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असलेल्याला घरातली साखरही लवकर लागू पडत नाही, त्याच्या खिशात ग्लुकोजच हवं.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ला फोन करा. गोळ्यांमुळे खाली गेलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरते, म्हणून शुद्धीवर आला तरी त्या माणसाला एकटं झोपवू नका, दवाखान्यात न्या.

ताट

‘हे खाऊ नका’ची यादी दोन आठवडे टिकते. त्यापेक्षा पीठ मोजा. घरातल्या बाईंना विचारा, किलोभर पिठाच्या किती होतात? ३३ पोळ्या होत असतील तर एक पोळी ३० ग्रॅम पिठाची, १६ भाकऱ्या होत असतील तर एक भाकरी ६० ग्रॅमची. पिठात ढोबळमानाने ७० टक्के कर्बोदकं, म्हणजे पोळीत २१ ग्रॅम, भाकरीत ४२. ज्वारी चांगलीच, तंतूही जास्त. पण "भाकरी आहे, कितीही खा" या समजुतीने तीन भाकऱ्या पोटात गेल्या तर हिशेब सहा पोळ्यांचा होतो. सपाट वाटीभर, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ किंवा वरण, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. आधी कोशिंबीर आणि उसळ, भात शेवटी, एवढ्या क्रमानेही जेवणानंतरचा आकडा उतरतो.

गूळ, काकवी, मध यांना साखरच म्हणायचं. ‘शुगर फ्री’ बिस्किटाचा पुडा उलटा करून कर्बोदकांची ओळ वाचा. मैदा तसाच असतो. उपवास धरायचा असेल तर आधी औषधांची वेळ बदलून घ्या. रोजे ठेवणाऱ्यांनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं; साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा, आणि बोट टोचल्याने रोजा मोडत नाही असंच बहुतेक उलेमा सांगतात.

वर्षातून एकदा

बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी (चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे), लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून प्रथिन गळतं का ते पाहणारी तपासणी), कोलेस्टेरॉल, पायांची संवेदना. "रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे" यावर थांबू नका. मूत्रपिंडाला इजा होऊ लागली की लघवीत अल्ब्युमिन आधी येतं, क्रिएटिनिन खूप उशिरा चढतं. पाय रोज रात्री तळव्यासकट आरशात पाहायचे. संवेदना गेलेल्या माणसाला उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर पाय भाजलेला कळतही नाही. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने तपासायचं.

आजारपणाचा कागद

ताप, जुलाब, उलट्या सुरू झाल्या की घरात पहिली कृती होते ती इन्सुलिन बंद करण्याची, "जेवतच नाहीत तर कशाला?" म्हणून. आजारपणात साखर न खाताही चढते. टाइप १च्या (ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा) रुग्णाने तर मूळ, म्हणजे दिवसभर काम करणारं इन्सुलिन कधीच थांबवायचं नाही. उलट मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या पाणी कमी पडल्यावर थांबवाव्या लागतात, कारण या ‘-ग्लिफ्लोझिन’ गटात साखर फारशी न वाढताही रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. यातलं आपल्या रुग्णाला काय लागू आहे ते तब्येत बरी असतानाच डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या. त्याच कागदावर मूळ नावांनी औषधं, रुग्णाचं लक्ष्य, घरातल्या एकाचा फोन आणि १०८ लिहा. घडी घालून पाकिटात, आणि एक फोटो सुनेच्या मोबाइलमध्ये.